ना पासपोर्ट, ना व्हिसा... चला घारापुरी!

बेटावरची सुट्टी म्हणजे कॅरिबियन, मालदीव नाहीतर थायलंड, असं कोणी ठरवलं? गेटवेवरून लाँच पकडली की तासाभरात आपणही एका बेटावर असतो. अट एकच. तिथे शाळेच्या सहलीसारखं जायचं नाही!

ऑफिसमधल्या कुठल्याही चार कॉम्प्युटर्सवर नजर टाका. एकाच्या तरी स्क्रीनवर निळंशार पाणी, पांढरी वाळू आणि वाकलेलं नारळाचं झाड दिसणारच. अँटिग्वा, बार्बाडोस, सेंट लुशिया... अप्रेझलचा महिना जवळ आला की त्या फोटोकडे बघून उसासे टाकायचे. मग कुणीतरी पॅकेजचा आकडा काढतो, सगळे 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणतात आणि वीकेंडला पुन्हा तोच मॉल, तोच मल्टिप्लेक्स!

तसं त्या बेटांशी आपलं नातं जुनंच. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या टीमने वेस्ट इंडीजमध्ये जाऊन सिरीज जिंकली आणि ताडदेवच्या चिखलवाडीतल्या सुनील गावसकरने पदार्पणाच्या त्या सिरीजमध्ये ७७४ रन्स ठोकले. पण त्या बेटांना 'इंडीज' का म्हणतात, माहितीये? १४९२ मध्ये कोलंबस पश्चिमेकडून आशियाला जायला निघाला होता. पोचला भलतीकडेच, पण त्याला वाटलं आपण इंडियाजवळ आलो. नाव चिकटलं ते कायमचं.

असंच एका युरोपियन दर्यावर्दीच्या नजरेतून पडलेलं नाव आपल्या दारातल्या बेटालाही चिकटलंय. एलिफंटा. मूळ नाव घारापुरी. गेटवेपासून समुद्रातून साधारण दहा-अकरा किलोमीटर. चर्चगेटहून स्लो लोकलने बोरिवलीला जायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्यात तुम्ही तिथे असता.

हे मी ऑफिसमध्ये सुचवलं तेव्हा पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती. 'घारापुरी? ती तर चौथीत असतानाच बघितली!' आपल्यापैकी बहुतेकांनी ती तशीच बघितलीये. दोघांदोघांची रांग, हातात डबा, बाईंचा आरडाओरडा, लेण्यात वीस मिनिटं आणि माकडाने पळवलेलं वेफर्सचं पाकीट. त्यानंतरची खेप थेट अमेरिकेहून आलेल्या मावसभावाला 'काहीतरी दाखवायचं' म्हणून. म्हणजे दोन्ही वेळा आपण तिथे गेलो ते दुसऱ्या कुणाच्या तरी टाइमटेबलने.

म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही ऑफिसमधले तिघे निघालो. सकाळच्या पहिल्या लाँचपैकी एक पकडायची आणि शेवटच्या लाँचने परतायचं. मधला अख्खा दिवस बेटाचा. बस्स, एवढाच प्लॅन.

लाँच, सीगल आणि लाइफ जॅकेट

गेटवेच्या पायऱ्यांवरून लाँचमध्ये उतरलात की थोडे जास्तीचे पैसे देऊन वरच्या डेकवर जा. पैसा वसूल! हिवाळ्यात सीगल पक्ष्यांचा थवा लाँचच्या मागे लागतो. मागे ताज आणि गेटवे लहान लहान होत जातात. एका बाजूला नौदलाच्या करड्या युद्धनौका, पुढे जवाहर द्वीप म्हणजे आपलं जुनं बुचर आयलंड, तिथे लागलेले तेलाचे टँकर आणि पलीकडे जेएनपीटीच्या अवाढव्य क्रेन्स. शहर रोज पेट्रोल भरतं, मोबाइल विकत घेतं, त्याच्या पाठीमागे काय चाललेलं असतं ते इथे एका नजरेत दिसतं.

उत्तरेकडे समुद्रावर आडवी रेघ ओढावी तसा अटल सेतू. परळ-लालबागवाल्यांनो, हा आपल्या शिवडीतून निघतो. जानेवारी २०२४ मध्ये तो सुरू झाला. एकूण लांबी जवळपास २२ किलोमीटर. त्यावरून गाडी दामटताना उजवीकडे दिसणारी हिरवी टेकडी म्हणजे घारापुरी. पण तो पूल बेटाला भेटत नाही. त्याला नवी मुंबई गाठायची घाई असते.

एक गंभीर गोष्टही इथेच सांगायला हवी. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाच्या एका स्पीडबोटीने धडक दिली. त्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर लाँचवर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. आमच्या लाँचवर काही मंडळींनी गेटवे दिसेनासा होताच जॅकेट काढून मांडीवर घेतलं. कारण काय, तर फोटोत चांगलं दिसत नाही! यार, फोटो पुन्हा काढता येतो. जॅकेट घाला आणि बकलसुद्धा लावा.

हत्ती गेला कुठे?

बेटाचं नाव एलिफंटा, मग हत्ती कुठाय? हा प्रश्न लाँचमधलं एक तरी लहान मूल विचारतंच. उत्तर ऐकून मोठी माणसं चाट पडतात. हत्ती आपल्या भायखळ्यात आहे!

पोर्तुगीज इथे आले तेव्हा बेटाच्या राजबंदर गावाजवळ काळ्या दगडात कोरलेला एक भलामोठा हत्ती उभा होता. त्याच्यावरूनच त्यांनी बेटाला नाव दिलं. १८१४ मध्ये त्या हत्तीचं डोकं आणि मान कोसळली. पुढे १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घालण्यात आला. उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत, आणून ठेवले. १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले गेले. आज भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात जो दगडी हत्ती उभा आहे, तोच हा. लहानपणी राणीच्या बागेत पिंजऱ्यातला वाघ बघायच्या नादात आपण ज्याच्या बाजूने धावत गेलो, त्याच्या नावाने जगातले पर्यटक एका बेटाला ओळखतात.

थोडक्यात, घारापुरीचा हत्ती नोकरीसाठी मुंबईत आलेल्या चाकरमान्यासारखा आहे. गाव तिकडे, मुक्काम इकडे. फरक एवढाच की त्याला गणपतीची रजाही नाही.

लेण्यात घुसण्याआधी दोन शब्द

जेट्टीवरून पायऱ्यांपर्यंत छोटी झुकझुक गाडी असते. मजा म्हणून एकदा बसा, पण अंतर चालण्यासारखंच आहे. त्यानंतर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं. माळा, टोप्या, दगडी हत्ती, लाकडी नंदी, काकडी, कैरी, लिंबू सरबत. जिममध्ये ट्रेडमिलवर अर्धा तास काढणारा आमचा मित्र मधल्याच लँडिंगवर 'सरबत घेऊया का' म्हणून थांबला, ही गोष्ट त्याने छापू नको म्हणून सांगितली होती.

वर पोचलात की मुख्य लेणं. १९८७ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतलं. उत्तरेच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत साधारण ३९ मीटर, म्हणजे लोकलचे जवळजवळ दोन डबे एकापुढे एक. आणि हे बांधलेलं नाही, कोरलेलं आहे. फरक लक्षात घ्या. इमारत बांधताना वीट चुकली तर काढून दुसरी लावता येते. इथे अख्ख्या कातळातून नको असलेला दगड काढत काढत खांब, छत, मूर्ती शिल्लक ठेवल्यात. छिन्नीचा एक घाव चुकीचा पडला की संपलं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांकडे 'अन्डू'चं बटण नव्हतं!

आता टिप क्रमांक एक. आत शिरल्या शिरल्या मोबाइल काढू नका. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. खांबाला न टेकता, एका जागी पाच-दहा मिनिटं नुसतं उभं राहा. मग अंधारातून एकेक आकार पुढे येतो. लेणं तीन बाजूंनी उघडं आहे, त्यामुळे सूर्य सरकतो तसा आतला उजेडही सरकतो. सकाळी बघितलेला चेहरा दुपारी चारला वेगळाच वाटतो. आम्ही दोन्ही वेळा आत गेलो म्हणून हे सांगू शकतो. वीस मिनिटांत बाहेर पडणाऱ्याला हे कळायचा चान्सच नाही.

जोड्या लावा

टिप क्रमांक दोन. शिल्पं एकेकटी बघू नका. शाळेत 'जोड्या लावा' असायचं ना, तसं बघा.

उत्तरेच्या दारातून शिरताना डावीकडे ध्यानात बसलेला योगी शिव आणि उजवीकडे नाचणारा नटराज. एक पूर्ण स्तब्ध, दुसरा पूर्ण वेगात. पुढे पूर्वेच्या बाजूला शिव आणि पार्वती कैलासावर सारीपाट खेळतायत, तिथे घरगुती रुसवेफुगवे चाललेत. त्याच बाजूला दुसऱ्या शिल्पात रावण तोच कैलास खालून गदागदा हलवतोय. पश्चिमेकडे शिव-पार्वतीचं लग्न. पार्वती लाजून जरा मान खाली घालून उभी आहे आणि तिच्या मागून तिला हलकेच पुढे करणारी व्यक्ती म्हणजे तिचे वडील, असं मानतात. कुठल्याही मंगल कार्यालयातला सीन! आणि त्या बाजूचंच दुसरं शिल्प अंधकासुराच्या वधाचं. डोळे वटारलेले, दात दिसतायत. खालचा भाग तुटलाय, तरीही समोर उभं राहिलं की पाऊल आपोआप मागे सरतं.

शांत आणि वेगवान. संसार आणि भूकंप. लग्न आणि युद्ध. ही सगळी परस्परविरोधी रूपं एकाच देवाची. आणि मग मागच्या भिंतीशी, ठीक मध्यावर, त्या सगळ्याचं एकत्र उत्तर. महेशमूर्ती.

सुमारे अठरा फूट उंच. गिरगावातल्या चाळीच्या दोन मजल्यांएवढी आणि तीसुद्धा फक्त छातीपासून वर. आपल्याला पाठ्यपुस्तकातून 'त्रिमूर्ती' म्हणून, म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणून माहीत असते. पण अभ्यासक सांगतात की हे तिन्ही चेहरे शिवाचेच आहेत, सदाशिवाचे. आपल्या डाव्या हाताचा चेहरा उग्र, मिशीवाला, हातात साप. उजव्या हाताचा कोमल, कुरळ्या केसांचा, हातात कमळ. मधला डोळे मिटलेला, शांत. उजव्या-डाव्या दोघांच्या मध्ये असूनही कुणाच्या बाजूने न झुकलेला.

शेजारी एका बाजूला अर्धनारीश्वर, अर्धा पुरुष आणि अर्धी स्त्री. दुसऱ्या बाजूला गंगा डोक्यावर झेलणारा गंगाधर. आमच्यातली एक जण एचआरमध्ये आहे. ती त्या मधल्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत उभी होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, 'आपण ट्रेनिंगमध्ये वर्क-लाइफ बॅलन्सच्या स्लाइड्स दाखवतो ना, त्या डिलीट करणारे.'

हेड ऑफिसला पाठवलेली फाइल

एवढं सगळं केलं कुणी? गंमत म्हणजे, नेमकं उत्तर असण्याची शक्यता होती. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोतो याने लिहून ठेवलंय की इथे एक कोरीव लेख असलेला दगड होता. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि आजूबाजूचा मुलूख पोर्तुगीजांकडे आला. त्यानंतर तो दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवण्यात आला. राजाने तो वाचून घ्यायचा प्रयत्न केला, पण लिपी कळणारं कोणी मिळालं नाही. पुढे दगडच गायब झाला. हेड ऑफिसला पाठवलेली फाइल गहाळ होणं ही परंपरा किती जुनी आहे बघा!

त्यामुळे आता सगळा तपास आडवाटेने. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी सापडलीत. तो सहाव्या शतकाच्या मध्यातला. ही छोट्या किमतीची नाणी कारागिरांच्या मजुरीची असावीत, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. इ.स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने कोकणच्या मौर्यांना हरवून पश्चिम समुद्रावरची 'पुरी' ही नगरी जहाजांनी वेढून जिंकल्याचा उल्लेख आहे. ही पुरी म्हणजेच घारापुरी, असं काही जण मानतात. काही जण जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडे बोट दाखवतात.

आणि या तपासातला एक पुरावा थेट परळमध्ये आहे. १९३१ मध्ये परळ-शिवडी भागात रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून एक प्रचंड पाषाण निघाला. त्यावर एकातून एक उमलत जाणाऱ्या शिवाच्या आकृती. घारापुरीच्याच काळाच्या आसपासचं हे शिल्प, उंची साडेतीन मीटरच्या घरात. आज ते परळच्या बारादेवीच्या देवळात आहे. गिरण्यांच्या भोंग्यांवर वाढलेल्या, आता काचेच्या टॉवर्सनी भरलेल्या या भागाच्या पोटात घारापुरीचा भाऊबंद होता. रोज त्या रस्त्याने ऑफिसला जाणाऱ्या किती जणांना हे माहितीये?

खांब का तुटले, मूर्तींचे हात-पाय कुठे गेले, याच्याही कथा आहेत. पोर्तुगीज सैनिकांनी इथे नेमबाजी केली असं सांगतात. पडलेले काही खांब पुढे पुरातत्त्व खात्याने नव्याने उभे केले. १८७५ मध्ये इंग्लंडचा राजपुत्र, पुढे सातवा एडवर्ड झालेला, मुंबईत आला तेव्हा त्याच्यासाठी चक्क लेण्यातच मेजवानी झाली होती. दिव्यांचा झगमगाट, टेबलावर पक्वान्नं आणि मागे अंधारात तीन चेहरे. त्यांनी अशी किती मंडळी येताना-जाताना बघितली असतील!

लेणी संपली, बेट नाही

बहुतेक जण इथूनच माघारी फिरतात. तुम्ही फिरू नका. मुख्य लेण्याच्या पुढे आणखी लेणी आहेत, काही अर्धवट सोडलेली. ती बघा, कारण अर्धवट कामातूनच काम कसं चालायचं ते कळतं. वरच्या टेकडीवर इंग्रजांच्या काळातल्या दोन अजस्र तोफा आहेत. चढ थोडा दमवणारा, पण वरून अख्खं बंदर दिसतं. एका बाजूला दक्षिण मुंबईची स्कायलाइन धुरकट, दुसऱ्या बाजूला उरणचे डोंगर. बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या एका जुन्या स्तूपाचे अवशेष आहेत आणि सीताबाईचं देऊळ म्हणतात ते लेणंही. म्हणजे शिवाच्या आधी इथे बुद्धही आला होता.

आणि मग गावं. होय, गावं! राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर. हजार-बाराशे माणसं इथे राहतात. कारभाराच्या दृष्टीने हे बेट मुंबईत नाहीच, ते रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येतं. आम्ही दुपारी राजबंदरच्या वाटेवर एका घराच्या पडवीत थांबलो.

'मावशी, जेवायला मिळेल काही?'

'मिळंल की. बसा पोरांनो. भाकरी गरम टाकते, घाई नाय ना?'

घाई नव्हती. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, वर कांदा. जेवताना मावशींनी आमची चौकशी केली. कुठून आलात, काय काम करता, लग्नं झाली का. मग म्हणाल्या, 'लोकं येतात, देव बघतात, जातात. हितं गाव आहे, ते कुणी विचारत नाय.'

घास घशात अडकला, कारण आम्हीही एवढ्या वर्षांत विचारलं नव्हतं.

२०१८ चा पहिला फ्रीज

आता ही गोष्ट नीट वाचा. कुलाब्याच्या किनाऱ्यावरून ज्याचा डोंगर दिसतो, त्या बेटावर कायमची वीज पोचली २०१८ च्या फेब्रुवारीत. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा आणि तो बंद झाला की तीनही गावं काळोखात. समोर मात्र रात्रभर लखलखणारी मुंबई. क्वीन्स नेकलेसचे फोटो काढणाऱ्या आपल्या पिढीने जन्मभर ते दिवे बघितले. घारापुरीच्या मुलांनीही शहराचे दिवेच बघितले, पण पलीकडून आणि कंदिलाच्या उजेडात.

आपण कोल्ड ड्रिंक मागायचो आणि दुकानदार बर्फाच्या पेटीतून बाटली काढायचा, त्यातला बर्फसुद्धा लाँचने आणलेला असायचा. वीज आल्यावर घरात फ्रीज आला, टीव्ही आला, मुलांना रात्री अभ्यास करता आला. आपल्या मुंबईत अर्धा तास लाइट गेली की सोसायटीच्या ग्रुपवर युद्ध पेटतं!

तरी बेटाचा दिवस अजून लाँचच्या टाइमटेबलवरच चालतो. पर्यटकांना इथे रात्री राहता येत नाही. संध्याकाळी शेवटची लाँच सुटली की दुकानांवर ताडपत्र्या पडतात आणि बेट पुन्हा गावकऱ्यांचं होतं. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद आणि लाँच बंद म्हणजे कमाई बंद. रात्री-अपरात्री कुणी आजारी पडलं तरी आधी बोट हवी, मग डॉक्टर. आपल्यासाठी जो एक तासाचा पिकनिक प्रवास आहे, तोच त्यांचा हायवे आहे.

परतीची वाट बघत जेट्टीवर बसलो होतो, तेव्हा डोक्यात एक हिशोब चालू झाला. पोर्तुगीजांनी इथून शिलालेख नेला. इंग्रज हत्ती न्यायला निघाले आणि तो मोडून बसले. राजपुत्र जेवून गेला. आणि आपण? आपण मेमरी कार्डं भरून फोटो नेतो आणि बदल्यात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं ठेवून येतो. शतकानुशतकं या बेटावर आलेला जो तो काहीतरी घेऊन गेलाय. निदान आपण तरी काही देऊन यावं. फार नाही. एक जेवण गावात. एक वस्तू फार घासाघीस न करता. आणि एक अख्खा दिवस.

कॅरिबियन बेटांवर जाऊन आलेले लोक सांगतात, तिथे रिसॉर्टच्या भिंतीआड आठवडाभर राहिलं तरी बेटावरचा एकही माणूस भेटत नाही. तिकडचं आपल्या हातात नाही. इकडचं आहे.

जायचं ठरलं? मग हे वाचाच!

* वार : सोमवारी लेणी बंद असतात. रविवारी गर्दी तुफान. शक्य असेल तर मधल्या वारी एक रजा टाका.

* वेळ : गेटवेहून सकाळी नऊच्या सुमाराला लाँच सुरू होतात. सुरुवातीचीच पकडा. उतरल्या उतरल्या परतीची शेवटची लाँच किती वाजता आहे ते विचारून ठेवा, कारण राहायची सोय नाही!

* सीझन : नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात बेट हिरवंगार असतं, पण हवामान बिघडलं की लाँच रद्द होतात.

* पायात : चांगली ग्रिप असलेले बूट. हिल्स घालून आलेल्या एका ताई पायऱ्यांवर जे काही बोलत होत्या, ते इथे छापता येणार नाही.

* माकडं : खायची पिशवी हातात दिसली की गेलीच समजा. सॅकमध्ये ठेवा, चेन बंद ठेवा. त्यांना भरवू नका.

* खाणं : जाताना वाटेतच गावात जेवणाचं सांगून ठेवा, म्हणजे लेणी बघून येईपर्यंत गरम गरम तयार मिळेल.

* मूर्ती : हात लावू नका, नाव कोरू नका. पिंकी आणि बंटीचं प्रेम अमर असेल, पण त्यासाठी सहाव्या शतकातला खांब कशाला?

* कचरा : नेलेली प्रत्येक बाटली, प्रत्येक पाकीट परत गेटवेला. तुमच्या सॅकमध्ये जागा आहे, त्या बेटावर नाही.

* दुसऱ्या दिवशी : एवढं केल्यावर रविवार फुकट घालवू नका. सकाळी राणीच्या बागेत जाऊन हत्तीला भेटा, तिथून परळला बारादेवीच्या देवळात. देऊळ आहे, म्युझियम नाही, तेव्हा चपला बाहेर आणि आवाज हळू. गिरगाव, दादर, लालबाग, कुठूनही जा, टॅक्सीचं भाडं एका पिझ्झापेक्षा कमीच होईल.

आणि हो, हत्तीला भेटलात की त्याला सांगा, गावी सगळं ठीक आहे. आता लाइट आलीये.